आधी यादी, मग आकडा
वाचकांचे प्रश्न

संशोधकाचा प्रभाव सायटेशनवरून (म्हणजे त्याच्या लेखनाचा इतरांनी संदर्भयादीत केलेल्या उल्लेखांवरून, उद्धरणांवरून) कसा मोजायचा, याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्याच पत्रात सी. के. प्रल्हाद यांचे नाव होते. व्यवस्थापनशास्त्राच्या मोजणीत जेवढ्या अडचणी येतात, त्यातल्या बहुतेक त्यांच्या एकट्याच्या लेखनयादीत सापडतात, म्हणून पुढच्या उत्तरांतही उदाहरण त्यांचेच ठेवले आहे. ते अहमदाबादच्या आयआयएमचे विद्यार्थी आणि पुढे मिशिगन विद्यापीठाच्या रॉस स्कूलमध्ये प्राध्यापक. जन्म १९४१, निधन एप्रिल २०१०.

प्रश्न : पीएच.डी.च्या एका प्रकरणात प्रल्हादांचा प्रभाव आकड्यांनी दाखवायचा आहे. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स तीन वेगळे आकडे देतात आणि फरक थोडाथोडका नाही. गाइड म्हणतात सर्वांत मोठा घे, विभागप्रमुख म्हणतात सर्वांत लहान घे. बरोबर कोणता?
— संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. प्रत्येकाने मोजायला घेतलेला ढीग वेगळा आहे, एवढेच.

वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलांच्या संदर्भयाद्या वाचते. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये काढलेली विज्ञान सूची हे तिचे मूळ. सामाजिक शास्त्रांची सूची १९७३ ची आणि व्यवस्थापनाची जर्नले तिच्यात येतात. एल्सव्हियरने २००४ मध्ये काढलेल्या स्कोपसचे जाळे अधिक रुंद, पण जुन्या काळाच्या बाबतीत ते उशिरा जागे झाले. आधी १९९६ नंतरच्याच लेखांच्या संदर्भयाद्या त्यात होत्या. पुढे १९७० पर्यंत मागे जाऊन भर घातली गेली, तीही सरसकट सर्व जर्नलांची नाही. गूगल स्कॉलरही २००४ चेच, पण ते जे जे शोधनिबंधासारखे दिसेल ते उचलते. पुस्तके, प्रबंध, परिषदेतले पेपर, वर्किंग पेपर, कधी एखाद्या कॉलेजने संकेतस्थळावर टाकलेली नोट्सची पीडीएफसुद्धा.

प्रल्हादांच्या बाबतीत ही दरी इतकी रुंद का, हे त्यांनी कुठे लिहिले त्यावरून कळते. गॅरी हॅमेल यांच्यासोबतचा 'कोअर कॉम्पिटन्स'वरचा १९९० चा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला. त्याआधीचा १९८९ चा 'स्ट्रॅटेजिक इंटेंट'ही तिथलाच. 'कॉम्पिटिंग फॉर द फ्यूचर' (१९९४) आणि 'द फॉर्च्यून अॅट द बॉटम ऑफ द पिरॅमिड' (२००४) ही पुस्तके. रीतसर संशोधन जर्नलात आलेले, उदाहरणार्थ रिचर्ड बेटिस यांच्यासोबतचा 'डॉमिनंट लॉजिक'वरचा १९८६ चा स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नलमधला लेख, संख्येने त्यामानाने कमी. लेखकाच्या पानावर स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स फक्त त्यांच्याकडे नोंद असलेल्या लेखनाची बेरीज दाखवतात. पुस्तक तिथे नोंदलेले नसेल, तर हजारो लेखांच्या संदर्भयाद्यांत त्याचे नाव असूनही त्या बेरजेत ते शून्यच.

हे शून्य भरून काढता येते आणि बरेच जण नेमकी हीच पायरी गाळतात. वेब ऑफ सायन्समध्ये 'साइटेड रेफरन्स सर्च' नावाचा वेगळा शोध आहे. तिथे लेखकाच्या रकान्यात आडनाव, आद्याक्षर आणि तारांकित चिन्ह (*), कामाच्या रकान्यात शीर्षकाचा पहिला शब्द आणि तारांकित चिन्ह टाकले, की त्या पुस्तकाचे संदर्भयाद्यांतले सगळे अवतार ओळीने दिसतात. चुकीचे वर्ष, अर्धवट शीर्षक, पृष्ठक्रमांकासह, पृष्ठक्रमांकाशिवाय. योग्य त्या ओळींवर खूण करून एकूण उद्धृत करणारे लेख मोजायचे. स्कोपसच्या प्रगत शोधातही संदर्भयादीतल्या लेखकावरून आणि शीर्षकावरून शोधता येते. मात्र लेखकाचे नाव एका संदर्भात आणि शीर्षकातला शब्द भलत्याच संदर्भात सापडला, तरी तो लेख निकालात येऊ शकतो. म्हणून निकालातले वीस-पंचवीस लेख उघडून त्यांच्या संदर्भयाद्या डोळ्यांनी पाहाव्यात.

प्रबंधासाठी दोन आकडे द्यावेत. एक स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सचा, वरची पायरी करून घेतलेला, आणि दुसरा गूगल स्कॉलरचा. पहिला जर्नलांच्या चौकटीतला प्रभाव सांगतो, दुसरा त्या चौकटीबाहेरचाही. दोन्ही एकाच आठवड्यात काढा आणि तक्त्याखाली तारीख लिहा. दोन्हींची बेरीज किंवा सरासरी मात्र कधीही करू नका, कारण एकच उद्धरण दोन्हीकडे असते. गाइडना आणि विभागप्रमुखांना, दोघांनाही आपला आकडा तक्त्यात सापडेल.

प्रश्न : ग्रंथालयात प्राध्यापकांच्या सायटेशन याद्या करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एकच लेख चार-चार वेळा दिसतो, नावांचे घोळ तर विचारू नका. सुरुवात कुठून करावी?
— ग्रंथपाल, नाशिक

उत्तर : माहितीकोश (स्कोपस, स्कॉलर वगैरे) बंद ठेवून. आधी त्या व्यक्तीचा बायोडेटा, प्रकाशकांची पाने आणि विद्यापीठाचे पान यांवरून लेखनाची स्वतःची यादी झोटेरो या संदर्भ-नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एक्सेलमध्ये करा. दर नोंदीला शीर्षक, वर्ष, प्रकार, सर्व लेखक क्रमाने, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) असल्यास डीओआय, आणि एक स्वतःचा क्रमांक. या यादीशी जुळणारे तेवढेच माहितीकोशातून आत घ्यायचे. उलट्या दिशेने, म्हणजे स्कॉलरची यादी उतरवून मग नको ते काढत बसलात, तर दुसऱ्याच कोणाचे चार लेख हमखास राहून जातात.

यादी झाली की हार्झिंग यांचे 'पब्लिश ऑर पेरिश' हे उद्धरणे गोळा करणारे सॉफ्टवेअर वापरा. अॅन-विल हार्झिंग स्वतः आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या प्राध्यापक आहेत. त्यांनी २००६ पासून हे सॉफ्टवेअर मोफत ठेवले आहे. लेखकाचे नाव अवतरणचिन्हांत द्या, आद्याक्षरे जोडून, मध्ये टिंब न ठेवता. गूगल स्कॉलर एका शोधाला १००० च्या पुढे निकाल देत नाही, म्हणून नाव सर्वसामान्य असेल तर वर्षांचे तुकडे पाडून शोधा. एकामागून एक घाईने शोध मारले, तर स्कॉलर तुम्हाला यंत्रमानव समजून काही काळ दार बंद करते. तेव्हा पुन्हापुन्हा बटण दाबण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी यावे.

आलेली यादी शीर्षकानुसार लावा. एकाच लेखाच्या प्रती शेजारी येतात. एक ओळ उचलून दुसरीवर सोडली की दोन्ही एक होतात आणि उद्धरणांची बेरीज होते. इथे डोके शाबूत ठेवावे लागते, कारण सारखे शीर्षक म्हणजे सारखे लेखन असे नाही. प्रल्हादांचा नमुना पाहा. स्टुअर्ट हार्ट यांच्यासोबतचा २००२ चा स्ट्रॅटेजी प्लस बिझनेसमधला लेख आणि एकट्या प्रल्हादांचे २००४ चे पुस्तक, दोघांचे मुख्य शीर्षक एकच! उद्धृत करणाऱ्यांनीही गोंधळ घातलेला असतो. कोणी पुस्तकाला हार्ट सहलेखक म्हणून जोडतो, कोणी लेखाला पुस्तकाचे वर्ष देतो, कोणी पुस्तकाचे वर्ष २००५ लिहितो, आणि २००९ ची सुधारित आवृत्ती वेगळीच. या दोन नोंदी एकत्र केल्यात तर हार्टना न लिहिलेल्या पुस्तकाचे श्रेय मिळते आणि सहलेखनाचे सगळे गणित वाकडे होते.

उलटा प्रकार 'कोअर कॉम्पिटन्स'च्या लेखाचा. तो पुढे वेगवेगळ्या संकलनांत पुनर्मुद्रित झाला आणि प्रत्येक पुनर्मुद्रणाला स्कॉलर वेगळी ओळ देऊ शकते. त्या ओळी मूळ १९९० च्या लेखात मिसळायलाच हव्यात, नाहीतर एकाच लेखामुळे एच-इंडेक्स (हे माप पुढच्या उत्तरात) दोन-तीनने फुगतो. नियम सोपा ठेवा : मजकूर तोच असेल तर एक, मजकूर वेगळा असेल तर शीर्षक कितीही सारखे असो, दोन.

नावांसाठी एक छोटी फाईल करून ठेवा. रोमन लिपीत 'प्रल्हाद' लिहिताना 'एच'नंतरचे 'ए' अक्षर ठेवणारे आणि गाळणारे दोन्ही आहेत. आद्याक्षरे एकच, दोन्ही, किंवा पूर्ण नावांसह. मराठी नावांत याहून मोठे घोळ असतात : लग्नानंतर बदललेले आडनाव, वडिलांचे नाव मध्ये कधी असणे कधी नसणे, आणि आडनाव आधी लिहिण्याची सरकारी सवय, ज्यामुळे माहितीकोश पहिल्या नावालाच आडनाव समजतो. हयात प्राध्यापकांना ओआरसीआयडी हा संशोधकाचा सोळा आकडी ओळखक्रमांक काढायला लावा आणि तोच क्रमांक विद्वान या इन्फ्लिबनेटच्या संशोधक-कोशातही भरायला सांगा. स्कोपसमध्ये एका व्यक्तीच्या दोन ओळखी झाल्या असतील तर तिथूनच विलीनीकरणाची विनंती पाठवता येते. दिवंगत व्यक्तीचा ओआरसीआयडी इतर कोणी काढायचा नसतो. त्यांच्यासाठी तुमची हाताने केलेली यादीच आधार.

प्रश्न : एच-इंडेक्स, जी-इंडेक्स, आय-टेन यांत नेमका फरक काय? आणि एचआरच्या प्राध्यापकाची तुलना फार्मसीच्या प्राध्यापकाशी कशी करायची? आमच्याकडे दोघे एकाच पुरस्काराच्या यादीत आहेत.
— प्राध्यापक, नागपूर

उत्तर : एक काल्पनिक यादी घेऊ. दहा लेख, उद्धरणे उतरत्या क्रमाने : ४८, ३३, ३०, १२, ९, ७, ६, ६, ३, १. वरून मोजत जा. सहाव्या लेखाला ७ उद्धरणे, म्हणजे सहा किंवा जास्त आहेत. सातव्याला ६, म्हणजे सातपेक्षा कमी. एच-इंडेक्स ६. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेली मोजणी ती हीच. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त उद्धरणांचे लेख, इथे ४. हे गूगल स्कॉलरचे माप.

जी-इंडेक्स लिओ एग्गे यांचा, २००६ चा. वरचे 'जी' लेख मिळून निदान 'जी'चा वर्ग एवढी उद्धरणे हवीत. इथे एकूण १५५ आहेत आणि दहाचा वर्ग १००, म्हणून दहा लेखांपुरते १०. काही साधने पुढे शून्य उद्धरणांचे काल्पनिक लेख जोडत जातात. तसे केल्यास बाराचा वर्ग १४४ बसतो, तेराचा १६९ बसत नाही, आणि उत्तर १२ येते. दोन साधनांत जी-इंडेक्स वेगळा दिसला तर बहुधा हेच कारण.

एच-इंडेक्सची खोड अशी, की वरच्या लेखाला ४८ ऐवजी ४८,००० उद्धरणे असती तरी उत्तर ६ च राहिले असते. प्रल्हादांसारख्या, थोडे पण जड लिहिणाऱ्या माणसावर तो अन्याय करतो. दरवर्षी चार-पाच बेताचे पेपर छापणाऱ्याला तो सुखावतो. शिवाय तो कमी कधीच होत नाही. माणूस निवृत्त होवो की दिवंगत, आकडा चढतच राहतो.

एचआर आणि फार्मसीची तुलना नुसत्या एच-इंडेक्सवर करू नये. फार्मसीत सहा-सात जणांचा पेपर नेहमीचा, व्यवस्थापनात दोघा-तिघांचा. तिथे उद्धरणे लवकर जमतात, इथे पहिली दोन-तीन वर्षे सामसूम असते. तुलना करायचीच असेल, तर हार्झिंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेला वैयक्तिक-वार्षिक एच-इंडेक्स जवळ जातो. प्रत्येक लेखाची उद्धरणे त्याच्या लेखकसंख्येने भागायची, त्या भागाकारांवर एच काढायचा, आणि त्याला पहिल्या लेखापासूनच्या वर्षांनी भागायचे. चार लेखकांच्या ४० उद्धरणांचे १० धरायचे. असा एच ८ आणि लेखनाची वर्षे १६, तर उत्तर ०.५. म्हणजे दोन वर्षांत एक 'एकट्याइतका' वजनदार लेख. पब्लिश ऑर पेरिश हे आपोआप काढते. पण सुरुवातीचे वर्ष तपासा. यादीत चुकून १९२० चा कोण्या नामसाधर्म्याचा लेख शिरला असेल, तर भाजक शंभराच्या पुढे जातो आणि प्राध्यापक बिचारा तळाला.

याने विषयातला फरक पूर्ण पुसला जात नाही. पुरस्काराच्या समितीला दोन वेगळ्या याद्या करायला सांगितलेत, तर ते अधिक सोपे आणि अधिक न्याय्य.

प्रश्न : व्हॉसव्ह्यूअर या संबंधांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रल्हादांच्या सहलेखकांचा नकाशा काढला. मधे ते आणि भोवती सगळे, सूर्य आणि किरणांसारखे चित्र आले. परीक्षक म्हणाले, यातून काय कळले? खरेच काही कळत नाही. कुठे चुकले?
— संशोधक, पुणे

उत्तर : परीक्षकांचे म्हणणे रास्त आहे. ज्याच्या नावाने माहिती गोळा केली, तो मध्यभागी येणारच. अशा चित्रात त्याची 'केंद्रीयता' मोजून 'सर्वाधिक केंद्रीय लेखक' असे लिहिणे म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव सर्वाधिक फोटोंत आहे, असा शोध लावण्यासारखे आहे.

पहिली दुरुस्ती माहितीत. तुम्ही बहुधा स्कोपसची सीएसव्ही फाईल दिली असेल, म्हणजे पुस्तके बाहेर. व्यंकट रामस्वामी यांच्यासोबतचे २००४ चे 'द फ्यूचर ऑफ कॉम्पिटिशन', एम. एस. कृष्णन यांच्यासोबतचे २००८ चे 'द न्यू एज ऑफ इनोव्हेशन', ईव्ह डोझ यांच्यासोबतचे १९८७ चे 'द मल्टिनॅशनल मिशन', ही सगळी पुस्तके. ती वगळून प्रल्हादांच्या सहलेखनाचा नकाशा म्हणजे पांगळा नकाशा. त्यासाठी झोटेरोतली शुद्ध यादी आरआयएस स्वरूपात बाहेर काढा. व्हॉसव्ह्यूअरमध्ये 'क्रिएट', मग ग्रंथसूचीच्या माहितीवरून नकाशा, मग 'रेफरन्स मॅनेजर फाइल्स' हा पर्याय निवडला की आरआयएस चालते. या मार्गाने फक्त सहलेखन आणि कीवर्ड यांचे नकाशे होतात, सायटेशनचे होत नाहीत. तुम्हाला सहलेखनच हवे आहे.

पुढच्या पडद्यावर मोजणीची पद्धत विचारतात. पूर्ण मोजणीत प्रत्येक जोडीला एका लेखाचा एक गुण. अंशात्मक मोजणीत लेखकसंख्येतून एक वजा करून त्याने भागतात. तीन लेखकांच्या लेखात प्रत्येक दुव्याला अर्धा, दहा लेखकांच्या लेखात एक नवमांश. अंशात्मक निवडा. लेखकाचे किमान लेखन १ ठेवा, कारण तयार आकडा तसाच ठेवला तर एकदाच सोबत लिहिलेले सगळे गळतात आणि एका माणसाच्या नकाशात तेच बहुसंख्य असतात. नावांचे अवतार जोडायला कोशफाईल द्या : साध्या मजकुराची, टॅबने विभागलेली, दोन रकान्यांची. पहिल्या ओळीत डावीकडे 'लेबल', उजवीकडे 'रिप्लेस बाय' हे शब्द रोमन लिपीत. टॅबऐवजी स्वल्पविराम पडला तर फाईल घेतली जात नाही.

आता मुख्य गोष्ट. शेवटी पडताळणीची यादी येते, तिथे प्रल्हादांच्या नावावरची खूण काढा. मग काही नावे एकमेकांशी जोडलेली नाहीत, फक्त सर्वांत मोठा जोडलेला गट दाखवू का, असे विचारले जाते. 'नाही' म्हणा. सूर्य गेला की किरणांमध्ये आपापसात काय आहे ते दिसते, आणि इथे ते मजेदार आहे. हॅमेल आणि डोझ जोडलेले राहतात, कारण स्पर्धकांशी सहकार्यावरचा १९८९ चा लेख तिघांचा होता. बेटिस, केनेथ लिबरथाल, हार्ट, रघुनाथ माशेलकर असे बाकीचे बव्हंशी सुटी बेटे. म्हणजे प्रत्येक दशकात प्रत्येक विषयाला नवा जोडीदार, आणि ते जोडीदार प्रल्हादांच्या यादीत तरी एकमेकांना क्वचितच भेटतात. आता परीक्षकांना सांगण्यासारखे काहीतरी हाती आले.

इथे थांबू मात्र नका. ही बेटे खरी की आपल्या यादीपुरती, हे बघायला दुसरे वर्तुळ हवे, म्हणजे प्रत्येक सहलेखकाचे स्वतःचे लेखन. बेटिस आणि हॅमेल पहिल्या नकाशात तुटक दिसतात. दुसरे वर्तुळ घेतले की आउटसोर्सिंग आणि औद्योगिक ऱ्हास यावरचा १९९२ चा लेख सापडतो, बेटिस, ब्रॅडली आणि हॅमेल यांचा, प्रल्हादांशिवाय. डोझ आणि हॅमेल यांचेही पुढे दोघांचेच पुस्तक आहे. 'त्यांनी दोन गट जोडले' असे वाक्य लिहिण्याआधी हे तपासणे भाग आहे.

दुव्याची ताकद सांगताना नुसते एकत्र लेख मोजू नका. एकत्र लेखांना दोघांच्या एकूण लेखसंख्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. समजा मुख्य लेखकाचे ३६ लेख. पहिल्या जोडीदाराचे १६, त्यांतले ६ एकत्र : ३६ गुणिले १६ म्हणजे ५७६, वर्गमूळ २४, ताकद ०.२५. दुसऱ्या जोडीदाराचे एकूण ४ आणि चारही एकत्र : १४४, वर्गमूळ १२, ताकद ०.३३. संख्येने कमी असूनही दुसरा दुवा घट्ट.

ग्रंथसूची-युग्मन, म्हणजे समान संदर्भांवरून लेख जोडणे, याचा नकाशा प्रल्हादांवर वापरू नका. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या लेखांना संदर्भयादीच नसते. जोडणार कशाने?

प्रश्न : स्व-उद्धरणे किती टक्क्यांपर्यंत चालतात?
— सहायक प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : टक्क्याची लक्ष्मणरेषा कोणी आखलेली नाही. अरुंद विषयात दहा वर्षे काम करणारा स्वतःलाच उद्धृत करणार, दुसरे आहे कोण? दोन आकडे काढा. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये लेखकाची स्वतःची उद्धरणे वगळण्याचा एक पर्याय आहे आणि त्या लेखाच्या सर्व सहलेखकांची वगळण्याचा दुसरा. १२० पैकी स्वतःची १४ आणि सहलेखकांची आणखी ११ असतील, तर उरली ९५. या ९५ वर एच-इंडेक्स पुन्हा काढा. तो एखाद्या अंकाने उतरला तर काळजी नाही. निम्मा झाला, तर एच-इंडेक्सच्या सीमेवरच्या लेखांनाच नेमकी स्व-उद्धरणे गेली आहेत का ते बघा. आकडा मुद्दाम चढवणारे तिथेच खर्च करतात. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर स्व-उद्धरणे वगळण्याची सोय नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात 'आमच्या प्राध्यापकांचा प्रभाव जागतिक सरासरीच्या तिप्पट' असे छापले आहे. आधार एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) ३.०. हे खरे धरावे का?
— पालक, मडगाव

उत्तर : हिशेब खरा असू शकतो, अर्थ तसा असेलच असे नाही. या मापात प्रत्येक लेखाची उद्धरणे त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या लेखांच्या अपेक्षित सरासरीने भागतात. १८ उद्धरणे, अपेक्षित १२, तर १.५. जागतिक सरासरी १. उद्धरणे प्रकाशनाचे वर्ष आणि पुढची तीन वर्षे एवढीच धरतात. मग सगळ्या लेखांच्या भागाकारांची सरासरी. आता दहा लेख घ्या. नऊंचे प्रत्येकी ०.६ आणि एकाचे २४.६. बेरीज ३०, सरासरी ३.०. नऊ लेख जगाच्या सरासरीखाली, आणि तो दहावा कदाचित पन्नास लेखकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणाचा, ज्यात संस्थेचे एक नाव होते. संस्थेला तीन गोष्टी विचारा : लेख किती, कोणत्या वर्षांचे, आणि सर्वांत वरचा एक काढला तर आकडा किती. शंभरापेक्षा कमी लेखांवरचा हा आकडा माहितीपत्रकात छापायचा नसतो, असे आमचे मत.

प्रश्न : मान्य जर्नलांची यूजीसीची केअर यादी गेली. आता सायटेशनवरच सगळे ठरणार का?
— प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : केअर यादीचा आणि सायटेशनचा संबंधच नव्हता. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालणारी ती यादी जर्नल बोगस आहे की नाही एवढेच सांगत होती. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचे जाहीर केले आणि जर्नल पारखण्याचे काम संस्थांवर सोपवले. त्यामुळे काम वाढले ते जर्नल निवडण्याचे. उद्धरणे मोजण्याची पद्धत होती तीच आहे.

प्रश्न : एखाद्याने टीका करण्यासाठी उद्धृत केले तरी ते सायटेशन धरतात का? मग हा प्रभाव कसला?
— वाचक, ठाणे

उत्तर : धरतात. प्रल्हादांच्या पिरॅमिडच्या मांडणीवर (तळाच्या गरिबांकडे मोठी बाजारपेठ म्हणून पाहा, अशी ती मांडणी) सर्वांत जोरदार टीका त्यांच्याच रॉस स्कूलमधल्या अनील कर्णानी यांनी केली. २००७ च्या कॅलिफोर्निया मॅनेजमेंट रिव्ह्यूमधल्या लेखात त्यांनी या मांडणीला मृगजळ म्हटले. सूचीच्या हिशेबी तेही अधिक एक. टीका हाही प्रभावच, कारण दुर्लक्षिलेल्यावर कोणी एवढा लेख खर्च करत नाही. मात्र 'मान्यता' आणि 'प्रभाव' हे शब्द अदलाबदल करून वापरू नयेत.

फरक दाखवायचा असेल तर हाताने काम करावे लागते. उद्धृत करणाऱ्या लेखांतून शंभर यादृच्छिकपणे निवडा. एक्सेलमध्ये ओळींना यादृच्छिक क्रमांक देऊन वरचे शंभर घेतले तरी चालते. प्रत्येकातले ते वाक्य वाचून चार खणांत टाका : कल्पना प्रत्यक्ष वापरली, विस्तारली, टीका केली, नुसते नाव घेतले. दोघांनी स्वतंत्रपणे खण ठरवावेत आणि मग किती ठिकाणी एकमत झाले ते नोंदवावे. 'कोअर कॉम्पिटन्स'सारख्या गाजलेल्या लेखाचा चौथा खण मोठा निघाला तर दचकू नका. प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात चार मोठी नावे कंसात घालण्याची चाल व्यवस्थापनाच्या लेखनात जुनी आहे. तो खण वगळून उरलेल्याचे टक्के दिलेत, तर तुमचा तक्ता इतर दहा तक्त्यांपेक्षा जास्त बोलेल. शंभर लेखांना दोन माणसांचा साधारण आठवडा धरा.

प्रश्न : प्रल्हाद आणि डॉ. माशेलकर यांचा एकत्र लेख आहे, पण माझ्या देशनिहाय सहकार्याच्या तक्त्यात अमेरिका-भारत दुवा उमटतच नाही. का?
— संशोधक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : तो लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या जुलै-ऑगस्ट २०१० च्या अंकातला, कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त लोकांसाठी नवनिर्मिती या विषयावरचा. प्रल्हादांच्या निधनानंतर तो प्रसिद्ध झाला. देशनिहाय तक्ता लेखकाच्या संलग्नतेच्या रकान्यावरून तयार होतो. संशोधन जर्नलात नावाखाली संस्था, शहर, देश छापतात. मासिकाच्या धाटणीच्या लेखात शेवटी दोन ओळींची ओळख असते आणि ती सूचीत उतरतेच असे नाही. रकाना रिकामा राहिला की सॉफ्टवेअरच्या लेखी तो लेखक कोणत्याच देशाचा नसतो. माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक आणि सीएसआयआरचे माजी महासंचालक, हे तुम्हाआम्हाला ठाऊक. फाईलला ठाऊक नाही.

सीएसव्ही फाईल उघडा, संलग्नतेच्या रकान्यावर गाळणी लावून रिकाम्या ओळी वेगळ्या काढा, आणि लेखाच्या मूळ पानावरची ओळख वाचून देश हाताने भरा. प्रकाशनाच्या वेळची संलग्नता भरायची, आजची किंवा जन्माची नाही. म्हणून प्रल्हादांसमोर भारत लिहू नका. भरलेल्या ओळींना शेजारच्या रकान्यात 'ह' अशी खूण ठेवा आणि अशा ओळी किती, हे तक्त्याखाली लिहा. फाईल एक्सेलमधून पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन करताना यूटीएफ-८ निवडायला विसरू नका, नाहीतर युरोपीय नावांतली अक्षरे बिघडतात आणि एका लेखकाचे पुन्हा दोन होतात.